फिरती वही

आमच्या जिजाबाई धर्मशाळा न्यासाची बैठक दर तीन महिन्यांनी होई. होई म्हणजे काय, पुनाराम चपराशी कार्यवाहीची वही पिशवीत घालून पंचांच्या घरोघरी फिरे. पाचांपैकी तिघं एका जागी बसले तरच बैठक, असा नियम. पण बसायला वेळ कोणाला? आणि मी तर बाईमाणूस. "बाईले तिथं कायले तकलीफ?" असं अध्यक्ष भैयालालभाऊ मोठ्या आदरानं म्हणत, आणि त्या आदरानं मी सुखावत असे. अकरा वर्षं मी चुलीपुढून, उंबऱ्यावरून, एकदा तर हळद लागलेल्या भाचीशेजारी बसून सह्या केल्या. पुनाराम बोट ठेवी, मी सही करी. मग तो चहा पिऊन पुढच्या घरी जाई.

घर जिजाबाईंचं होतं, बालाघाटात, मोठ्या दवाखान्यासमोर. त्यांची एकुलती लेक बाळंतपणाला आणताना वाटेतच, बैलगाडीत गेली. म्हणून त्यांनी राहतं घर खेड्यावरून जचकीला येणाऱ्या बायांना देऊन टाकलं. दोनच अटी घातल्या. घरात बायाच उतरतील, आणि पंचांत एक बाई राहील. ती बाई मी. "मी शाळेत नाही गेलती, माय, अक्षरं घरीच शिकली," मी म्हटलं, तर म्हणाल्या, "शाळेत गेलेले चार हायत ना. तुले बायाईचं ऐकू येते, तेवढं पुरे."

सदुसष्ट सालच्या फाल्गुनात मी पापड लाटत होते, हाताला तेल होतं. पुनाराम आला. मी पदराला हात पुसला, सही केली, तरी पानावर बोट उमटलंच. "राहू द्या बाई," तो म्हणाला, "तुमची वळख हाय ते."

महिनाभरानं शेवंताबाई दारात आली. परसवाडा गावापल्याडची, सुनेला घेऊन धर्मशाळेत उतरलेली. सून सीता आठव्या महिन्यात होती, पाय सुजून खांबासारखे झालेले. डॉक्टरीणबाईंनी गावी परत नेऊ नका म्हणून बजावलं होतं. शेवंताबाईच्या हातात एक कागद होता.

"बाई, भिंतीले हे लावून गेले. काय लिवलं हाय?"

मी वाचलं. पंधरा दिवसांत खोल्या खाली कराव्यात. समोरचा सोपा आणि तिन्ही खोल्या विडीच्या तेंदूपत्त्याच्या गोदामासाठी देण्याचा ठराव सर्वानुमते झाला आहे. खाली तारीख होती. पापडांच्या दिवसाची.

"हे सर्वानुमते म्हंजे कोन?" तिनं विचारलं.

"म्हणजे मीसुद्धा," मी म्हटलं.

कागदाची घडी घालून तिनं कनवटीला खोवली आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर मला जेवण तरी गेलं असतं.

चार दिवसांनी पुनाराम परत वही घेऊन आला. मागचा ठराव दुसऱ्या बैठकीत कायम झाल्याशिवाय किल्ली देता येत नव्हती, म्हणून ही बैठक लवकर 'भरली' होती. त्यानं बोट ठेवलं.

"बैठक कुठं हाय म्हनून लिवलं?" मी विचारलं.

"धर्मशाळेत. चार वाजता."

"मग मी चार वाजता येते."

"कुठं?" तो दचकला.

"जिथं लिवलं हाय तिथं. भाऊंना सांग."

त्यानं त्या दिवशी चहा अर्धा टाकला.

चार वाजता सोप्यात भैयालालभाऊ होते, आणि त्यांच्या होला हो म्हणणारे तेजराम औषधवाले. बाकीचे दोघं आले नव्हते. मला बसायला खुर्ची नव्हती. अकरा वर्षांत लागलीच नव्हती. पुनारामनं आतून बाज ओढून आणली. दाराआड शेवंताबाई उभी आहे हे मला तिच्या बांगड्यांवरून कळत होतं.

"वहिनी, वरचे कवेलू गळून राह्यले," भैयालालभाऊ समजावणीच्या सुरात म्हणाले. "गोदामाच्या भाड्यानं छप्पर होईल. मंग येतीनच की बाया."

ते खोटं बोलत नव्हते. अंगणातली विहीर त्यांनीच पदरच्या पैशानं खोदून दिली होती. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

"तेंदूपत्ता एकदा भरला का निघत नाही, भाऊ," मी म्हटलं. "आन् मागची बैठक झालीच नाही. मी घरी पापड लाटून राह्यली होती."

तेजराम हसले. "सही त हाय ना तुमची?"

"हाय. खोटी हाय."

मग भैयालालभाऊ हळूच म्हणाले, "वहिनी, इचार करून बोला. हे खोटं त मंग अकरा सालचं सारंच खोटं. बायाईच्या खाटा, कंदील, या पुनारामची नेमनूक. सारं तसंच झालं हाय. आन् खोटी सही करनारीले पंच कोन ठेवीन?"

याचा विचार मी केला नव्हता. मी पुनारामकडे पाहिलं. साठीचा माणूस, घरी आजारी बायको. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. वही उचलली, दोन पानं मागं उलटली आणि भाऊंपुढे ठेवली. तेलाचं बोट पिवळं पडून पानाच्या आरपार गेलं होतं.

"वही बाईच्या घरी गेलती, मालक," तो म्हणाला. "मीच नेलती."

मी दौत मागितली आणि त्या डागाखाली लिहिलं, "ही बैठक झाली नाही. मी घरी होते. यापूर्वीच्याही सह्या मी घरीच केल्या आहेत." एवढं मोठं मी त्या वहीत प्रथमच लिहीत होते. ओळी चढावर गेल्या.

ठराव पडला. भैयालालभाऊंनी वही दडवली नाही, स्वतः नेऊन न्यासांचं काम पाहणाऱ्या साहेबांपुढे ठेवली, हे सांगितलंच पाहिजे. चौकशी झाली आणि आम्ही सगळे पंच पदावरून निघालो, मी सगळ्यांच्या आधी. पुनारामची नेमणूक नव्या पंचांनी पहिल्याच बैठकीत नव्यानं केली, पण मधले चार महिने त्यानं बिनपगारी झाडू मारला. ते चार महिने माझ्या नावावर आहेत. सीताला मुलगी झाली. पावसाळाभर त्या खोलीत दोन बादल्या गळतीखाली होत्या आणि मध्ये कोणा ना कोणा बाळंतिणीची खाट.

भादव्यात एका दुपारी पुनाराम दारात उभा राहिला, काखेत पिशवी.

"वही हाय?" मी विचारलं.

"हाय. पन आता घरोघरी नाही फिरत. सगळ्याईले तिथंच या लागते."

"मंग माह्या दारी काहून आला?"

"पायाले सवय हाय, बाई."

मी चहा ठेवला. त्यानं पिशवी उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकवून ठेवली आणि मग आत येऊन बसला.