डाव्या हाताची फळी

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार, सकाळचे सव्वानऊ. कामाच्या बाकावर तीन फळ्या मांडल्या होत्या : एक डोंगरी चेरीची, एक कात्सुराची आणि एक होनोकीची. नववर्षाच्या पत्रांवरचे चित्र कोरून छापण्यासाठी यांतली एक निवडायची होती, आणि अशी निवड पुन्हा करावी लागणार नव्हती. यंदाचे पत्र शेवटचे, असे माझ्या बायकोने, फुसाएने, आणि मी उन्हाळ्यातच ठरवले होते. आमच्या वयाचे बरेच जण हल्ली तसे कळवून थांबतात. मात्र शेवटचे जे जाईल ते आम्हा दोघांचे असावे, अशी माझी फार इच्छा होती. लग्नापासूनची सारी पत्रे दोघांच्या नावाने गेली खरी. पण चित्र माझे आणि पत्ते लिहिण्याचे काम तिचे, एवढीच तिच्या वाट्याला आलेली जागा होती.

लाकूड पारखण्याची माझी पद्धत तंत्रविद्यालयात शिकलो तीच आहे. फळी डोळ्यांच्या रेषेत धरून वाक पाहायचा, नखाने दाबून पाहायचे, मग ओला फडका फिरवून लाकडाच्या रेषा वर येऊ द्यायच्या. कात्सुरा मऊ, रंगाचे मोठे पट्टे छान देते, पण बारीक रेघ धरत नाही. होनोकी मधली. चेरी मात्र अशी घट्ट, की केसाएवढी रेघ कोरली तरी तिची कड तुटत नाही. ही चेरी मी आमच्या मुलीच्या, चिगुसाच्या, जन्माच्या वर्षी घेतली आणि तुळईवर वाळत ठेवली. तिच्या तोडीचे चित्र सुचले की खाली काढायची, असे म्हणता म्हणता चिगुसाच्या केसांत पांढरे दिसू लागले.

आमच्या बारा प्राण्यांच्या वर्षचक्रात येणारे वर्ष ड्रॅगनचे होते, म्हणून ड्रॅगन काढून पाहिला. फुसाए चहा घेऊन आली आणि तिने कागद हातात घेतला.

"हा नळ कुठे बसवायचाय?"

"ड्रॅगन आहे तो."

"असेल. पण खवल्यांना वॉशर लावलेत तुम्ही."

ताकायामातल्या फर्निचरच्या कारखान्यात माझे सारे आयुष्य आराखडे काढण्यात गेले. माझ्या हातून वाकडी रेघ निघत नाही. हा गुण की दोष, हे आमच्या घरात अजून ठरलेले नाही.

त्याच दुपारी चिगुसा नागोयाहून आली. तिने आईसाठी भाजी चिरायची प्लास्टिकची हलकी फळी आणली होती, कारण गेल्या हिवाळ्यापासून फुसाएचे मनगट दुखते आणि जुनी फळी उचलताना तिला त्रास होतो. ती जुनी फळीही होनोकीचीच. लग्नानंतर कारखान्यात उरलेल्या लाकडातून मीच करून दिलेली. नव्या फळीवर एक सलगम चिरून फुसाए म्हणाली की मेली आवाजच करत नाही. पण मुलीचे मन मोडू नये म्हणून तिने जुनी फळी मागच्या दाराशी नेऊन ठेवली आणि माझ्या कामाच्या खोलीतल्या शेगडीत घाला, असे मला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फोडायला मी कुऱ्हाड घेऊन गेलो. ऊन अगदी तिरपे पडले होते. फळी मध्यभागी झिजून उथळ बशीसारखी झाली होती आणि त्या खोलगट भागात सुरीच्या असंख्य रेघा होत्या, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या; नदीवर वाऱ्याबरोबर बारीक हिमवर्षाव व्हावा तशा. दर नोव्हेंबरात लोणच्यासाठी चिरलेल्या लाल सलगमांचा रंग लाकडात मुरला होता. मी कुऱ्हाड खाली ठेवली. जे चित्र मी शोधत होतो ते आधीच कोरून तयार होते.

फुसाएला आधी ही थट्टा वाटली, मग ती रागावली.

"लोकांच्या घरी माझी खरकटी फळी पाठवणार? तीही सणाला?"

"धुतलेली आहे."

"मासळीचा वास येईल."

"मासळीची बाजू पाठीमागे. मी भाजीची घेतोय."

"आई," बॅग भरता भरता चिगुसा म्हणाली, "नळापेक्षा बरं."

शेवटी एक ठसा काढून पाहण्याची परवानगी मिळाली. फुसाएला पटला नाही तर फळी शेगडीत जाणार, असे ठरले.

पाण्याने लाकूड फुगते आणि बारीक रेघा मिटतात, म्हणून फळी सावलीत पुरती वाळू दिली. बशीसारख्या लाकडावरून ठसा नीट निघत नाही. त्यामुळे कडा रंध्याने उतरवत उतरवत मधल्या खोलगट भागाच्या पातळीला आणल्या आणि जिथे तिच्या रेघा उरल्या होत्या तिथे थांबलो. फिकट राखाडी रंगात चिमूटभर लाल मिसळून फळीला लावला, कागद ठेवला, पाठीवरून दाब द्यायची घासणी फिरवली आणि कागद उचलला. माझ्या हातून याहून चांगला ठसा कधी निघाला नव्हता. ओला असतानाच तो फुसाएसमोर ठेवला.

तिने हात पुसले आणि बराच वेळ पाहिले.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "पण हे माझं नाही."

"तुझीच तर फळी."

"फळी माझी, हात माझा नाही. हे कुणा उजव्या हाताच्या बाईनं चिरलंय."

फुसाए जन्माने डावखुरी. लहानपणी तिची आई जेवताना तिच्या डाव्या हाताला फडके बांधून ठेवी. शाळेत पेनही उजव्या हातात गेले. सुरी तेवढी तिने डाव्या हातातून कोणाला काढू दिली नाही. फळीवर तिच्या रेघा डावीकडे खालून उजवीकडे वर चढत होत्या. कागदावर त्या उलट्या कलल्या होत्या. ठसा उलटा येतो, हे शिकाऊ माणसालाही पहिल्या दिवशी कळते. आजवर प्रत्येक चित्र मी आधी उलटवूनच लाकडावर उतरवले. हे मी काढलेले नव्हते, म्हणून उलटवायचे सुचलेच नाही.

"आईनं इतकी वर्षं डोकं आपटलं," ती म्हणाली. "तुम्ही एका दाबात मला उजवी केलंत." ती हसली, पण तिने कागदाला पुन्हा हात लावला नाही. "जाऊ दे. ड्रॅगनच पाठवा."

त्या संध्याकाळी मी चेरीची फळी पुढे ओढली. फुसाएच्या रेघा उलट्या करून चेरीवर कोरता आल्या असत्या. लाकूड त्या कामाचेच होते. आधी कागदावर थोड्या उतरवून पाहिल्या. सगळ्या सारख्या लांबीच्या, सारख्या अंतरावर आल्या. वॉशरच ते.

चित्र लाकडावर डकवण्यासाठी आम्ही कोरणारे गांपी नावाचा अतिशय पातळ कागद वापरतो. तो पालथा चिकटवतात आणि चित्र पाठीमागून दिसते, ते पाहत कोरतात. चित्र पाठीमागून दिसत असेल, तर ठसाही दिसायला हवा. मी फळीवरून गांपीवर ठसा घेतला, वाळल्यावर पालथा केला आणि पत्राच्या जाड कागदावर चिकटवला. रंग किंचित मवाळ झाला, आणि रेघा डावीकडून वर चढू लागल्या.

सकाळी मी तो तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. तिने डाव्या हाताचे बोट एका रेघेवर टेकवले आणि सुरी जाते तसे वर नेले.

"ही सलगमाची," ती म्हणाली. मग थोडे पुढे, एका खोल रेघेवर थांबून : "आणि ही त्या भोपळ्याची. चिगुसा पोटात होती तेव्हाची. तुम्हांला म्हटलं, जरा कापून द्या, तर तुम्ही मोजपट्टी आणायला गेलात."

"मधोमध कापायचा होता."

"तुम्ही येईपर्यंत शिजलासुद्धा." तिने ठसा उन्हाकडे धरून पाहिला. "खळ मी लावेन. तुमच्या हातून सुरकुती पडेल."

त्यानंतर रोज सकाळी मी ठसे काढले आणि तिने डाव्या हातात ब्रश धरून ते पालथे चिकटवले. एकावरही सुरकुती नाही. पहिला ठसा तिने स्वयंपाकघरात, प्लास्टिकच्या फळीच्या वर लावला. चेरी मी पुन्हा तुळईवर ठेवली.

२२ डिसेंबर, शुक्रवार. टपालपेटीत टाकलेली पत्रे : एकसष्ट.