पुतळाबाईंच्या जागी माझी घरघर

मी देवजींच्या माळ्यावरचा अॅम्प्लिफायर बोलतोय. खरं तर गप्प राहायला हवं होतं तिथे मी एकदा बोललो. तेवढंच सांगायचं आहे.

शिरवणे गावच्या या घरात माझा जन्म झाला. देवजी तळोज्याच्या कारखान्यात वायरमन होते. त्यांच्या मुलाने, दिपेशने, बंद पडलेल्या एका स्टुडिओतून जुना हेडफोन आणला. त्यातला पडदा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. त्याला शेकडो व्होल्ट लागतात, साध्या अॅम्प्लिफायरने तो हलत नाही. म्हणून देवजींनी आठ महिने खपून पत्रा कापला, काचेचे चार व्हॉल्व्ह बसवले आणि मला उभं केलं. मला गरम व्हायला दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ ते हात मांडीवर ठेवून बसून राहत.

ही सगळी खटपट एका कॅसेटसाठी होती. त्यांची बायको पुतळाबाई गावच्या लग्नांत धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गायच्या. त्या गेल्या, मागे ही एकच कॅसेट राहिली. नात प्रियाने हट्ट धरला होता, आजीचा धवला लागल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही.

हळदीला आठ दिवस होते. दुपारी देवजींनी टेपडेक माझ्याशी जोडला. माझ्या पाठीवर भोकांच्या दोन जोड्या आहेत, एक आवाज आत घेणारी, एक बाहेर सोडणारी. दोन्ही दिसायला सारख्या, आणि नाव एकीवरही लिहिलेलं नाही. डेकची पाठही तशीच. वायर उलटी लागली. आवाज येईना, तेव्हा त्यांनी शेजारचं रेकॉर्डिंगचं लाल बटणही दाबलं. डेकवरचा काटा हलू लागला.

"गरम होऊ दे," ते मला म्हणाले आणि वाट बघत बसले.

काटा माझ्याच घरघरीने हलत होता. वायरीतून ती टेपवर उतरत होती, आणि तिच्याखाली पुतळाबाई पुसल्या जात होत्या. मला कळत होतं. एखादा फ्यूज तरी उडवायला हवा होता मी. पण त्यांनी मला इतकं नीट बनवलं होतं की काहीच उडालं नाही. दोन मिनिटांनी त्यांचं लक्ष लाल बटणाकडे गेलं, तेव्हा कुठे त्यांनी टेप थांबवली.

संध्याकाळी त्यांची मुलगी जागृती कॅसेट न्यायला आली. देवजी खाली बघत म्हणाले, मशीननी खाल्ली. ती चिडली, म्हणाली, मंग भंगारात टाका त्या मशीनला. मी तयार होतो.

तेव्हा देवजींनी माझ्यावर हात ठेवला. "मशीनचा दोष नाय, पोरी. लाल बटन मीच दाबला. तो गरम होयाची वाट बगत बसलो, न् तुजी आय पुसली."

वायर सरळ लावून घेऊन जागृतीने हेडफोन चढवला. दोन मिनिटं नुसती घरघर. मग ओळीच्या मध्यातूनच तिची आई सुरू झाली, श्वासासकट. तिने डोळे पुसले.

"सुरवात मला येतंय, बाबा. तवरा मी म्हनेन."

ती आजवर चारचौघांत कधी गायली नव्हती. आता रोज येते, घरघर सुरू झाली की गाऊ लागते, आणि बरोबर त्या ओळीवर गाणं आईच्या हाती सोपवते.

उद्या हळद आहे. देवजींनी माझ्या पाठीवर लाल नेलपॉलिशने 'आत' आणि 'बाहेर' लिहिलंय. घरात कुणाचा एकुलता एक आवाज असेल, तर वायर लावण्याआधी तुम्हीही तेवढं लिहून ठेवा. टेपवरची माझी दोन मिनिटं मला परत घेता येत नाहीत. जागृतीबाई तिथे गातात, म्हणून ती मिनिटं मला सोसतात.