टोचलेली नाणी

शिमोनोसेकीच्या बंदरावरून वर चढणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी कियोनो सुगिहाराचं सिगारेट-दारूचं दुकान होतं. नवरा होता तोवर गिऱ्हाईक आत यायचं, काउंटरला रेलून गप्पा छाटायचं. तो गेला आणि आत येणाऱ्यांची पावलंही हळूहळू कमी झाली. नंतर तिचं घर चालवलं ते बाहेरच्या भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या तीन यंत्रांनी. एक सिगारेटचं, दोन थंड-गरम पेयांची. नाणं टाका, बटण दाबा, डबा घ्या आणि चालू लागा.

"माझी तीन लेकरं," ती म्हणायची. "उलट बोलत नाहीत, आजारी पडत नाहीत."

"आणि म्हातारपणी सांभाळतात. माझ्या खऱ्या लेकरांपेक्षा बरी," शेजारची सुन्जा म्हणायची.

सुन्जाची खानावळ भिंतीला भिंत लागून होती. गल्लीसाठी ती अराई-सान. सुन्जा हे तिचं घरातलं, कोरियन नाव. कियोनो एकटी तिला त्या नावानं हाक मारायची, तीही आसपास कोणी नसताना. सुन्जा जन्मली याच गल्लीत. भाजलेली आतडी, किमची आणि हाडांचा गरम रस्सा, एवढंच तिच्याकडे मिळायचं. कोरियातल्या बुसानची बोट लागली की डोक्यावर तिळाच्या तेलाची, मिरचीपुडीची बोचकी घेऊन फेरीवाल्या बायका थेट तिच्याकडे यायच्या. त्यांच्यासाठी भिंतीवर पदार्थांची नावं कोरियन अक्षरांत लिहून चिकटवलेली होती. चुलीपाशी बसवून आईनं गिरवून घेतलेली ती अक्षरं. ढोबळ आणि थोडी अशुद्ध. बायका त्यावरून तिची हसून थट्टा करायच्या, आणि रस्सा आणखी मागायच्या.

ते एकोणीसशे नव्याण्णव साल. शरद ऋतू नुकता लागला होता. पेयांची यंत्रं भरायला कंपनीची गाडी घेऊन येणाऱ्या त्सुकुदानं एका सकाळी यंत्राचं दार उघडलं आणि तो तिथंच थबकला.

"काकी, जरा बाहेर या."

त्याच्या तळहातावर पाचशेचं नाणं होतं.

"मग? पाचशेचं आहे," कियोनो म्हणाली.

"चष्मा लावून बघा."

तिनं चष्मा लावला. नाण्यावर एक करकोचा उडत होता आणि त्याच्या पंखांवर बारीक बारीक खड्डे पाडलेले होते, देवी आलेल्या माणसाच्या गालासारखे.

"बुसानकडचं नाणं आहे. पाचशे वॉन," त्सुकुदा म्हणाला. "आकार आपल्या पाचशे येनच्या नाण्याचाच, धातूही तोच. फक्त किंचित जड. म्हणून ड्रिलनं टोचून वजन उतरवलंय. यंत्राला काय डोळे आहेत? ते नुसतं चाचपून बघतं."

"पण माल तर सगळा जागेवर आहे."

"माल कोणाला हवाय! हे आत टाकायचं, मग विचार बदलला म्हणून पैसे परत मागायचा खटका दाबायचा. हे आत राहतं आणि आपलं खरं पाचशेचं बाहेर पडतं. तिकडच्या नाण्याची किंमत आपल्या दहाव्या हिश्श्याएवढीसुद्धा नाही धड."

कियोनोनं यंत्राकडे बघितलं. दिवे लावून ते नेहमीसारखं शहाण्या मुलागत उभं होतं.

"मग याला उपाय?"

"जरा चिकित्सक करतो त्याला," म्हणत त्सुकुदानं पान्हा काढला.

यंत्र चिकित्सक झालं ते भलतंच. टोचलेली नाणी ते थुंकून टाकायचं खरं, पण झिजलेली, तेलकट हातांची खरी नाणीही थुंकायचं. बंदरावरचे हमाल आणि मासे उतरवणारे लोक नाणं टाकून टाकून कंटाळायचे आणि शेवटी लाथ घालायचे. सुन्जा आपली कॉफी घ्यायला आली, तिचंही नाणं तीनदा परत आलं.

"सासू झालंय गं तुझं यंत्र. काही द्या, नाक मुरडून परत," ती म्हणाली.

कियोनो खूप हसली. पण त्या महिन्यात विक्री उतरली. तिनं त्सुकुदाला सांगून यंत्र पुन्हा सैल करून घेतलं, आणि करकोचे परत आले. दोन्ही बाजूंनी मार. शेवटी तो म्हणाला, "काकी, पाचशेचं नाणं घेणंच बंद करू. सगळीकडे तेच चाललंय. सरकार म्हणे नवं नाणं काढणार आहे, तोवर दम धरायचा."

"कधी काढणार?"

"ते मला विचारून काढणार आहेत का?"

पाचशेचं बंद झालं. पण बंदरावरच्या माणसाच्या खिशात पाचशेचंच नाणं असतं. तो क्षणभर थांबायचा, 'पाचशेचं नाणं चालणार नाही' असा यंत्रावर लावलेला कागद वाचायचा आणि कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात जायचा. मग एका सकाळी कियोनो शटर उघडून बाहेर आली, तर सिगारेटच्या यंत्राचं दार पहारीनं उचकटलेलं. पत्रा केळीच्या सालीसारखा सोललेला. नाण्याची फसवणूक जमेना म्हणून कोणीतरी सरळ पोटच फाडलं होतं. आत शंभराची थोडी नाणी होती, तेवढीच गेली. दुरुस्तीला मात्र त्याच्या कितीतरी पट लागले.

चौकीतला पोलीस आला. तरुण होता, बोलायला गोड.

"सुगिहारा-सान, रोज संध्याकाळी नाणी काढून घेत जा. आणि 'आत पैसे नाहीत' असं बाहेर लिहा."

"अहो, मग रात्रीच्या गिऱ्हाइकाला सुटे कुठून देईल ते?"

"हं," तो म्हणाला. "तो प्रश्न आहेच."

तिनं आडवी लोखंडी पट्टी बसवली, दोन कुलपं घातली. एका हमालानं विचारलं, "आजी, आतल्या सिगारेटींनी काय गुन्हा केला?" ती हसली नाही. हल्ली रस्त्यावर काही वाजलं की तिला जाग यायची. मग ती अंथरुणात पडून ऐकत राहायची. खाली जाऊन करणार तरी काय होती?

गल्लीतल्या दुकानदारांच्या मंडळाची बैठक झाली. सगळ्यांच्याच यंत्रांची तीच कथा होती. अध्यक्ष मिझोगुची तांदळाचे व्यापारी. माणूस वाईट नव्हता. कियोनोच्या नवऱ्याच्या अंत्यविधीची सगळी धावपळ त्यांनीच केली होती. ते म्हणाले, "यंत्रांवर इशारा लावू. पण तो कोरियन भाषेतही हवा. ज्यांना वाचायचाय त्यांना वाचता आला पाहिजे."

आणि ते कियोनोकडे वळले. "अराई-सानना अक्षरं येतात. भिंतीवर लावलेली असतात ना त्यांच्या? तुमचं त्यांच्याशी चांगलं आहे. तुम्ही सांगा."

"तुम्हीच सांगितलंत तर..."

"मी सांगितलं तर त्याला वेगळा वास येईल. तुम्ही मैत्रीण आहात."

सगळे तिच्याकडे बघत होते. तिच्या यंत्रांचं सगळ्यांत जास्त नुकसान झालेलं. नाही कशी म्हणणार?

ती गेली तेव्हा सुन्जा किमचीसाठी मुळे चिरत होती. कियोनोनं सांगितलं आणि सांगतानाच आपला आवाज उगाच हलका, उत्साही झाल्याचं तिला जाणवलं.

"काय लिहायचंय?" सुन्जानं विचारलं.

"इथे खोटी नाणी टाकू नका. पोलीस लक्ष ठेवून आहेत. एवढंच."

सुरी थांबली. "आमच्याच माणसांनी केलंय, असं ठरलंय का?"

"कोणी तसं म्हणालं नाही गं."

"तू?"

"मी कशाला म्हणेन!"

सुन्जानं हात पुसले. चुलीवरचा रस्सा एकदा ढवळला. मग म्हणाली, "त्या बायकांपैकी कोणी असं करणार नाही. पंचवीस किलोचं बोचकं वाहणारी बाई ड्रिल घेऊन बसेल होय? पण नाही लिहिलं तर तेच म्हणतील, बघा, पाठीशी घालते. आण इकडे कागद."

तिनं लिहिलं. जीभ दातांत धरून, शाळेतल्या मुलीसारखं. लिहून झाल्यावर कागद दूर धरून बघितला आणि म्हणाली, "आईनं शिकवलं ते या कामासाठी बरं उपयोगी पडलं."

कियोनोनं आभार मानले. वाकून मानले. ते वाकणं दोघींनाही परकं वाटलं.

आठवड्यानं मंडळाची माणसं छापील कागद घेऊन आली आणि गल्लीतल्या यंत्रायंत्रावर चिकटवत गेली. खाली सुन्जाच्या हातची ती दोन वाक्यं, जशीच्या तशी. आणि वर, जाड लाल जपानी अक्षरांत, सुन्जाला कोणी न दाखवलेली ओळ: परदेशी चोरांपासून सावध राहा. संशयित दिसल्यास कळवा.

कियोनो धावत मिझोगुचींकडे गेली. "हे वरचं काय? हे ठरलं नव्हतं."

"छापताना वाटलं, आपल्या लोकांनाही सूचना हवी. यात खोटं काय आहे, सुगिहारा-सान? नाणी आपल्या देशातली आहेत का?"

"पण तिचं अक्षर आहे ते. असं वाटतंय की सगळं तिनंच..."

"अहो, अराई-सान आपल्याच आहेत. त्यांना कोण म्हणतंय?"

बोटीवरच्या बायकांना जपानी फारसं येत नसलं तरी ती वरची ओळ कोणीतरी त्यांना सांगितली. अक्षर ओळखायला तर कोणी सांगायची गरजच नव्हती. त्याच चुका, तीच वाकडी वळणं त्या रोज भिंतीवर वाचत होत्या. दुसऱ्या खेपेला त्यांतली एक म्हातारी खानावळीच्या दारात उभी राहिली. आत आली नाही. कियोनो दुकानासमोर झाडत होती. म्हातारी कोरियनमध्ये बोलली, सावकाश, आवाज न चढवता. सुन्जानं मान खाली घातली. म्हातारी बोचकं सावरून निघून गेली.

"काय म्हणाली?" कियोनोनं विचारलं.

"म्हणाली, ताई, आम्ही तुझ्याकडे जेवलो ते काय तू आम्हाला चोरांत मोजावंस म्हणून?"

त्यानंतर बायका येईनाशा झाल्या. गल्लीतलं गिऱ्हाईकही रोडावलं. वाईट कोणी काही बोललं नाही. लोक फक्त पलीकडच्या बाजूनं जाऊ लागले. एका सकाळी सुन्जाच्या दाराशी कोणीतरी टोचलेलं एक नाणं ठेवून गेलं. तिनं ते उचलून कियोनोला दाखवलं.

"याचं आता मी काय करू? चौकीत नेऊन दिलं तर विचारतील, कुठून आलं."

कियोनोनं ते आपल्याकडे घेतलं.

हिवाळ्यात पेपरात बातमी आली. दूरच्या एका गावात गाड्या दुरुस्त करायच्या शेडमधून तिघांना पकडलं होतं. तिघंही जपानी. ड्रिलं सापडली, पोतंभर नाणी सापडली. कियोनो पेपर घेऊन तांदळाच्या दुकानात गेली.

"आता तरी कागद काढा."

मिझोगुचींनी बातमी शेवटपर्यंत वाचली. "हे तिघेच असतील असं कशावरून? आणि नाणी त्यांना आणून कोणी दिली?" मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "मला कळतं तुमचं. पण मंडळाचा ठराव आहे. पुढच्या बैठकीत घेऊ."

पुढच्या बैठकीत रस्त्यावरच्या दिव्यांचा विषय लांबला.

एका दुपारी कियोनोनं गरम पाण्याचं भांडं आणि उलथनं घेऊन आपल्या तिन्ही यंत्रांवरचे कागद खरवडून काढले. दोन दिवसांनी मंडळाचा माणूस आला, म्हणाला, "वाऱ्यानं गेले वाटतं," आणि नवे चिकटवून गेला. ती दारात उभी राहून बघत होती. थांब म्हणावं, असं ओठांवर आलं होतं. पण याच लोकांनी शेवटी यंत्राच्या दुरुस्तीचा अर्धा खर्च उचलला होता, आणि याच गल्लीत तिला एकटीनं म्हातारं व्हायचं होतं. ती आत गेली.

वसंतात सुन्जानं खानावळ बंद केली. ओसाकाला मुलगी होती, ती कधीची बोलावत होतीच, असं ती सगळ्यांना सांगत होती. निघायच्या दिवशी टॅक्सी उभी ठेवून ती कियोनोच्या दुकानात आली.

"जाते गं."

"सुन्जा, ते मी जर तेव्हा..."

"तू आली नसतीस तर दुसरं कोणी आलं असतं. तू आलीस म्हणून मी निदान रडले नाही." तिनं काउंटरवर किमचीची बरणी ठेवली. "हिवाळ्यातली शेवटची. लवकर संपव, आंबट होईल."

"रागावलीस?"

सुन्जानं विचार केला. "रागवायला माणूस सापडायला हवा ना," ती म्हणाली. "सगळेच भले आहेत इथं."

टॅक्सी उतारावरून खाली गेली. कियोनो टाटा करायला हात वर करणार होती, तो तिनं दाराच्या चौकटीवर टेकवला.

उन्हाळ्याच्या शेवटी नवं नाणं आलं. पिवळसर, सोनेरी झाक असलेलं. त्सुकुदानं तिन्ही यंत्रांत नवे भाग बसवले आणि एकेक नाणं टाकून दाखवलं. "आता निश्चिंत झोपा, काकी. याची नक्कल इतक्यात होत नाही."

"इतक्यात म्हणजे?"

"आता चोरांचंही डोकं चालतंच की." तो हसला, गाडीत बसला आणि गेला.

शेजारच्या जागेत मोबाइल फोनचं दुकान आलं होतं. दिवसभर तिथं एकच गाणं वाजायचं. संध्याकाळी कियोनोनं ओसाकाला फोन लावला.

"इथं चढ नाही गं, गुडघे बरे आहेत," सुन्जा म्हणाली. "मुलगी स्वयंपाकाला हात लावू देत नाही. दिवस जाता जात नाही."

"इकडे नवं नाणं आलं."

"इकडेही."

कियोनोला बरंच काही विचारायचं होतं. तिकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांना तू कोण आहेस म्हणून सांगतेस? अराई की सुन्जा? पण ते फोनवर विचारायचं धाडस झालं नाही.

"ठेव आता, बिल चढतंय," सुन्जा म्हणाली, आणि दोघींपैकी कोणीच ठेवेना. शेवटी पलीकडे कोणीतरी आजीला जेवायला हाक मारली आणि फोन बंद झाला.

कियोनो फोन मांडीवर घेऊन बसून राहिली. बाहेर बोटीचा भोंगा वाजला. बायका बोचकी घेऊन गल्ली चढत आल्या, तिच्या दुकानावरून, सुन्जाच्या जुन्या दारावरून न थांबता पुढे गेल्या आणि वरच्या वळणावर दिसेनाशा झाल्या.