मी तोच पाचू आहे

मित्रांनो, मी एक जुना पाचू आहे, आणि फुटकाही आहे. फुटका असल्याचं आधीच सांगून टाकतो, कारण मला विकणाऱ्यानं ते सांगितलं नव्हतं. त्याच्या त्या गप्प बसण्यानं एका घराची काय माती झाली, तेवढंच मला सांगायचं आहे.

डोंगराच्या पोटात आम्ही पाचू घडतो तेच भेगा घेऊन. बिनभेगेचा पाचू म्हणजे बिनचुकीचा माणूस. असेलही एखादा, माझ्या पाहण्यात नाही. मला ज्यानं खणून काढलं तो बोगद्यात वाकून वाकून कायमचा वाकला होता. मला हातात घेऊन तो एकदाच हसला, मग खोकत बसला. तो मला पुन्हा दिसला नाही.

पैलू पाडणाऱ्यानं मला फिरत्या चकतीवर धरलं. दगडाला दुखत नाही असं तुम्ही म्हणता. म्हणा. पैलू पडले, पण माझ्या अंगातल्या भेगा पांढुरक्या दिसत होत्या. त्यानं मला तेलाच्या बरणीत टाकलं आणि बरणी गरम जागी ठेवली. तेल सावकाश भेगांत शिरलं आणि भेगा दिसेनाशा झाल्या. मी हिरवागार झालो. यात लबाडी काहीच नाही. बहुतेक पाचूंना तेल पाजतात आणि या धंद्यातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. घेणाऱ्याला सांगत नाहीत, ती लबाडी.

मला सोन्याच्या अंगठीत बसवलं आणि दुकानात पिवळ्या दिव्याखाली मांडलं. त्या दिव्याखाली शेवाळसुद्धा पाचूसारखं दिसलं असतं. एके दिवशी एक बाई नवऱ्याला घेऊन आली. ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर होती. जादा पाळ्या करून तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही घ्यायचं ठरवलं होतं. नवरा इस्पितळात कामाला होता. शस्त्रक्रियेच्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुक करायचं त्याचं काम.

"अगं, एवढ्यात घरात दोन पंखे आले असते," नवरा हळूच म्हणाला.

"पंखा बोटात घालून मिरवता येतो का?" ती म्हणाली. मग दुकानदाराला तिनं विचारलं, "जरा बाहेर उजेडात बघू का?"

"कशाला ताई, बाहेर धूळ आहे."

"भांडी घासताना काढून ठेवायची का?"

"अहो, खरा पाचू आहे हा! बिनधास्त घाला. नातवंडांची नातवंडं घालतील."

तिनं दोन्ही प्रश्न अगदी बरोबर विचारले होते, मित्रांनो. तिचं काहीही चुकलं नाही. तिला उत्तरं खोटी मिळाली, एवढंच.

तिच्या बोटावर माझी वर्षं बरी गेली. तिची बोटं कामानं जाड झाली होती, त्यामुळे अंगठी मोठीच करून घेतली होती. यंत्रावर बसायच्या आधी ती मला रुमालात गुंडाळून ठेवायची आणि घरी आली की पुन्हा घालायची. एकुलती लेक लहानपणी माझ्यावर गाल घासायची. "हे तुझंच आहे, माझ्या माघारी," असं ती लेकीला सांगायची. लेक मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली.

मग बाई आजारी पडली. पोटाची शस्त्रक्रिया झाली, जखम चिघळली, अंगभर विष पसरलं. बोटं सुजली तेव्हा नवऱ्यानं साबण लावून मला हलकेच काढलं. चार दिवसांनी ती गेली.

आता हा माणूस काय करतो बघा. आयुष्यभर तो एकच गोष्ट शिकला होता: वाफेतून निघालं की ते स्वच्छ, त्यानं कुणाला अपाय होणार नाही. आईचं दुखणं लेकीला लागू नये म्हणून त्यानं मला कात्र्याचिमट्यांसोबत त्या यंत्रात ठेवलं. दुसऱ्या कुणी मला फडक्यानं पुसलं असतं आणि सगळं ठीक राहिलं असतं. यानं मायेनं वाफवलं.

झाकण बंद झालं. माझ्या भेगांतलं तेल थेंबाथेंबानं बाहेर आलं आणि वाफेबरोबर निघून गेलं. मी बाहेर आलो तो मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा. त्याला वाटलं, वाफेचा ओलावा असेल. त्यानं मला सदऱ्याला पुसलं, पुन्हा पुसलं, आणि तसंच नेऊन लेकीच्या हातात ठेवलं.

"बाबा, हा कुठला खडा?"

"आईचाच. हाच तो."

"हा नाही."

"अगं, फक्त वाफेतून काढला मी. जंतू असतात म्हणून."

लेकीची मावशी शेजारीच बसली होती. "दगड म्हणजे काय पालेभाजी आहे, वाफेवर रंग उतरायला?" ती म्हणाली. "दाजी, आजारपणात नड आली असेल, मला कळतं. पण तसं सांगायचं. काचेचा तुकडा बसवून पोरीच्या हातात द्यायचा?"

लेक मला घेऊन त्याच दुकानात गेली. दुकानदारानं डोळ्याला भिंग लावलं. माझ्या पोटात वाकड्या केसासारख्या दोन रेघा आहेत. त्या त्यानं मला विकण्याआधी शंभरदा पाहिल्या होत्या. आताही पाहिल्या. त्यानं मला ओळखलं, हे मी शपथेवर सांगतो.

"वाफेनं असं होतं का हो?" लेकीनं विचारलं. आवाजावरून कळत होतं, तिला 'होतं' हेच ऐकायचं होतं.

"छे! खरा पाचू असता तर काही झालं नसतं. हा आमचा माल नाही ताई. कुणीतरी बदललाय."

दुकानाचं नाव राखलं गेलं. लेकीनं मला बापासमोर टेबलावर ठेवलं. "मागितला असता ना, तर मी स्वतः विकून दिला असता," ती म्हणाली. "खोटं कशाला बोललात?" तो 'हाच तो, हाच तो' म्हणत राहिला. ती निघून गेली. त्यानंतर फोन नाही, येणं-जाणं नाही.

पुढची काही वर्षं मी त्याच्या करंगळीत काढली. तो निवृत्त झाला. उभं राहून राहून गुडघे गेले होते, म्हणून रोज सकाळी तेल कोमट करून चोळत बसायचा. मला काढायचा नाही. ते तेल माझ्या भेगांत मुरत गेलं. एका सकाळी खिडकीजवळ त्याचा हात थबकला. मी हिरवा दिसत होतो. पहिल्यासारखा नाही, पण ओळखू येण्याइतका.

तो तसाच तेलकट हातांनी उठला आणि बस पकडून लेकीच्या गावी गेला. वाटभर पुटपुटत होता, "बघ म्हणावं आता. तोच आहे का नाही बघ."

लेकीनं दार उघडलं. त्यानं मला पुढे धरलं. तिनं मला उजेडात नेलं, फिरवलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आणलात परत?" ती म्हणाली. "कुठून शोधून काढलात, बाबा?"

त्यानं तोंड उघडलं. मी वाट पाहत होतो, की आता हा तेलाचं सांगेल. पण तिनं त्याचा हात धरला होता, इतक्या वर्षांनी.

"जाऊ दे," ती म्हणाली. "झालं गेलं. चूक कुणाकडूनही होते. आत या."

"हो," तो म्हणाला. "आणला परत."

मित्रांनो, आता तो दर रविवारी लेकीकडे जेवायला येतो. तिनं सगळ्यांना सांगितलंय, बाबांनी चूक सुधारली. मावशीनंही मोठ्या मनानं माफ केलं. तो मान खाली घालून जेवतो, आणि मी लेकीच्या वाढणाऱ्या हातावर चमकत असतो.

म्हणून सांगतो. रंगीत खडा घ्याल तर दिवसाउजेडी बघून घ्या. याच्या पोटात काय भरलंय, ते तोंडावर विचारा आणि लिहून मागा. पाचूला वाफ, उकळतं पाणी दाखवू नका. मऊ फडकं आणि कोमट पाणी पुरतं. आणि हे सगळं विसरलात तरी एक विसरू नका. मी दगड आहे, रंग गेला तर पुन्हा तेल पिईन. पण घरातला माणूस 'हाच तो' म्हणत असेल, तर दुकानाची पायरी चढण्याआधी त्याच्या तोंडाकडे नीट बघा.