लेकीचा लाँगबोर्ड

दातांच्या लॅबमध्ये तिला सगळे कवळीताई म्हणत. मेणात एकेक दात बसवताना तिचा हात कधी हलत नसे. पण त्या दिवशी लेकीला घ्यायला ती माजी नवऱ्याच्या घरी गेली आणि फाटकापाशीच तिच्या काळजात चर्र झालं. लेक चाकं लावलेल्या एका लांबलचक फळीवर उभी राहून, गुडघे वाकवून रस्त्यावरून सरसरत येत होती. मागून नवऱ्याची नवी बायको पळत ओरडत होती, "खांदे सैल सोड! पायाकडे नको, समोर बघ!"

"आई, बघितलंस का?" लेक धापा टाकत म्हणाली. "मावशीने शिकवलं. तिचाच बोर्ड आहे हा."

"छान हं," कवळीताई म्हणाली. तोंडावर हसू आणलं खरं, पण आतून तिचा नुसता जळफळाट होत होता. त्यात त्या बयेने अगदी गोड आवाजात "पाणी देऊ का?" असं विचारलं. निदान खडूस तरी असावं ना माणसाने!

मग घरी आठवडाभर तोच जप. मावशी म्हणते, आधी थांबायला शिकायचं. मावशी म्हणते, हेल्मेटशिवाय पाय ठेवायचा नाही. शेवटी कवळीताईने मनाशी ठरवलं: लेकीला स्वतःचा बोर्ड घेऊन द्यायचा, आणि तोही असा, की मावशी बघतच राहिली पाहिजे.

दुकानदार धिप्पाड होता, आणि बोलायचा मात्र हळू. "कशासाठी हवाय? रस्त्याने आरामात फिरायला, की उतारावरून सुसाट यायला?"

"तिच्या मावशीकडे आहे त्याहून भारी द्या."

"मावशीकडे कुठला आहे?"

"लांब आहे. लाकडी."

"ताई, लाँगबोर्ड लांबच असतो." त्याने भिंतीवरून मधाच्या रंगाची एक साधी फळी काढली. "शिकणाऱ्याला हा बरा. रुंद आहे आणि जमिनीलगत आहे, म्हणजे ढकलायला पाय सहज खाली पोचतो. जरा लवचीक, त्यामुळे हादरे अंगात येत नाहीत. चाकं मोठी, मऊ. बारीकसारीक खड्यांना अडत नाहीत."

कवळीताईची नजर मात्र वरच्या काळ्या चकचकीत बोर्डावर. "तो?"

"तो कडक आणि उंच आहे. वेगाने उतरणाऱ्यांचा. तुमची मुलगी कुठला पाय पुढे ठेवते?"

तिला ते माहीत नव्हतं. मावशीला नक्की माहीत असणार, या विचाराने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "तोच द्या," ती म्हणाली.

लेकीने काळा बोर्ड बघून गळ्यात हात टाकले. अंगणापुढच्या रस्त्यावर त्याच्यावर उभी राहिली, ढकलायला पाय खाली टेकला आणि बोर्ड डुगडुगला. तिचं कोपर खरचटलं. "मस्त आहे आई!" ती उठत म्हणाली. दुसऱ्या दिवशी पाय दुखतो म्हणाली, तिसऱ्या दिवशी अभ्यास होता.

मग एका संध्याकाळी खोलीच्या दाराशी कवळीताईला लेकीचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. "मावशी, मला भीती वाटते गं त्याची... नको, बदलून नाही मागणार. आईला वाईट वाटेल. तू पण बोलू नकोस हं."

कवळीताई धुतलेले कपडे हातात घेऊन तशीच उभी राहिली. लेक तिकडे रमते, हे तिने एक वेळ गिळलं होतं. पण आता त्या दोघी मिळून तिला सांभाळून घेत होत्या, एखाद्या हट्टी पोराला घ्यावं तसं! त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

सकाळी काळा बोर्ड बगलेत मारून ती दुकानात हजर. "बदलून द्या," ती म्हणाली. "आणि मलाही येईल का हो हे?"

दुकानदाराने तिला पाठमोरं उभं केलं आणि खांद्याला हलकाच धक्का दिला. तोल सावरायला तिचा उजवा पाय झटकन पुढे पडला. "हा तुमचा पुढचा पाय," तो म्हणाला. "आता चढा." मधाच्या रंगाची फळी तिच्या वजनाने किंचित वाकली, कुरकुरली, पण तिने दगा दिला नाही.

संध्याकाळी लेक त्या फळीकडे बघतच राहिली. "काळा कुठे गेला?"

"परत केला. माझंच चुकलं, भपक्याला भुलले. हा तुझा. पण मलाही शिकव."

"तुला?"

"का? मला पाय नाहीत?"

कवळीताई पहिल्यांदा पायाने ढकलतानाच दाणकन आपटली. शेजारच्या खिडकीतून कोणीतरी हसलं. लेकीने तिचं हेल्मेट घट्ट केलं, हात धरला आणि म्हणाली, "खांदे सैल, आई. मावशी म्हणते..." आणि जीभ चावली.

कवळीताईने पुन्हा फळीवर पाय ठेवला. "काय म्हणते मावशी?"

"म्हणते की, भीती वाटली तर गुडघे वाकव."

तिने गुडघे वाकवले. फळी सरळ पुढे गेली, चांगली कोपऱ्यापर्यंत. मागून लेक टाळ्या वाजवत धावत आली.

"आई, पुढच्या सुट्टीला तिघी जाऊ या? मावशीला बोलावू?"

कवळीताईने कपाळावरचा घाम पुसला. "बोलाव," ती म्हणाली. "पण त्याआधी मला वळायला शिकव. तिच्यासमोर मी आपटणार नाही."