दोन इंच भिंत

स्कॉलर कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि जगातल्या बहुतेक माणसांना मूर्ख समजत होता. 'स्कॉलर' हे नाव घरच्यांनीच दिलेलं, दहावीच्या निकालानंतर, कौतुकाने. आता त्याच नावाने हाक मारताना वडिलांचे दात एकमेकांवर घासले जायचे.

त्याच्या मूर्खांच्या यादीत सगळ्यात वर चित्रं काढणारे होते, त्याखालोखाल कविता करणारे, आणि तळाला या दोघांना 'वा, वा' म्हणणारे. वडिलांचं दुकान फ्रेमिंगचं, त्यामुळे हे तिन्ही नमुने रोज दारात. घरात चित्रांना नावं नव्हती, मापं होती. "बारा बाय सोळाचा घोडा झाला का?" आई विचारायची. "झाला, पण चोवीसचा समुद्र काच फुटून परत आलाय," वडील म्हणायचे. अशा घरात वाढलेल्या पोराला समुद्राचं काय अप्रूप राहणार!

तरी त्याने कॉलेजात कलास्वाद हा जादा विषय घेतला, कारण त्याला परीक्षा नव्हती. आठवड्याला एक तास बसायचं, एक पान लिहून द्यायचं आणि गुण खिशात घालायचे. फुकट ते पौष्टिक, हा त्याचा एकमेव कलाविचार.

त्याच आठवड्यात सिस्टर दुकानात आल्या. सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स, गल्लीच्या टोकाला एकट्या राहायच्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक चित्र त्यांनी काउंटरवर ठेवलं. बहिणीने काढलेलं होतं, आणि बहीण आता नव्हती. वडिलांनी ते दोन्ही हातांनी उचललं, पाहिलं आणि दोन दिवसांनी या म्हणाले.

वडिलांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी पोराला पाढ्यांच्या आधी शिकवला होता. चित्राला कटर लावायचा नाही. फ्रेम चित्राच्या मापाची करायची, चित्र फ्रेमच्या मापाचं करायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी वडील काच आणायला गेले आणि दुकान स्कॉलरच्या हाती राहिलं. त्याने सिस्टरचं चित्र उघडलं. पेन्सिल आणि फिकट पाणीरंग. डाव्या बाजूला एक लाकडी खुर्ची, तिच्या पाठीवर टाकलेली शाल, आणि मग उजवीकडे नुसती भिंत. रिकामी, करडी, वीतभर भिंत. अगदी कडेला एक तिरपी रेघ, बहुधा हात चुकून ओढली गेलेली.

भिंतीवर सोळा बाय वीसची एक तयार फ्रेम टांगलेली होती. चित्र बावीस इंच लांब. नवीन फ्रेम करायची म्हणजे पट्ट्या कापा, कोपरे जुळवा, खिळे ठोका, अख्खी दुपार जाणार. आणि कशासाठी? दोन इंच भिंतीसाठी! त्याने मोजपट्टी ठेवली आणि कटर फिरवला. भिंत थोडी कमी झाल्याने जगाचं काही बिघडलं नाही. उलट चित्र नीटनेटकं दिसायला लागलं, असं त्याचं मत पडलं. अकलेचे तारे तोडायला कुठे परवाना लागतो?

संध्याकाळी सिस्टर एक दिवस आधीच डोकावल्या. वडील अजून आले नव्हते. स्कॉलरने फ्रेम काउंटरवर ठेवली आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. त्या बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "छान झालंय," आणि फ्रेम उचलून गेल्या.

स्कॉलरला हसू आवरेना. बहिणीची आठवण म्हणे! बाईंच्या डोळ्यांदेखत दोन इंच गायब झाले आणि बाईंना पत्ता नाही. हीच यांची कलेची जाण. चित्रं ही फक्त भिंतीची भोकं झाकायला असतात, हा त्याचा सिद्धांत त्या दिवशी पक्का झाला. वडिलांना त्याने एवढंच सांगितलं, की सिस्टर येऊन घेऊन गेल्या.

कॉलेजात कलास्वाद शिकवायला एक बुटक्या, घसा बसलेल्या मॅडम होत्या. त्यांनी भिंतीवर एका चित्राची प्रत लावली आणि सांगितलं, की चार आठवडे हेच चित्र राहील, दर आठवड्याला यावरच एक पान लिहायचं. चित्रात एक टेबल, दोन वाडगे, पाण्याचा जग आणि मागे तपकिरी अंधार. स्कॉलरने पाच मिनिटांत पान भरलं. मॅडमनी ते त्यालाच मोठ्याने वाचायला लावलं.

"चित्र छान आहे," त्याने वाचलं. "रंगसंगती अप्रतिम असून कलाकाराने वास्तवाचे सुंदर दर्शन घडविले आहे."

"थांब," मॅडम म्हणाल्या. "छान म्हणजे काय रे?"

"छान म्हणजे... चांगलं."

"मुळीच नाही. कुणाच्या घरी न आवडलेलं पोटात ढकलताना काय म्हणतोस? छान झालंय. समोरच्याशी बोलण्यात काही अर्थ नाही असं ठरलं, की माणूस छान म्हणतो आणि सुटतो. माझ्या तासाला हा शब्द बंद. सुंदर बंद, अप्रतिम बंद. जे दिसतं ते लिही."

वर्ग हसला. स्कॉलरचा चेहरा पडला. बाईंना नाकाने कांदे सोलायची सवय आहे, असं त्याने शेजाऱ्याला सांगितलं. पण दुसऱ्या आठवड्यात त्याने हट्टाने वाडग्यांची मापं लिहून दिली. वडिलांचाच पोरगा. डावा वाडगा उजव्यापेक्षा मोठा, त्याची कड एका ठिकाणी उडालेली, जगमधलं पाणी निम्म्याच्या खाली. मॅडम नुसतं "हं" म्हणाल्या. त्या एका 'हं'ने गडी आठवडाभर तरंगत होता, हे तो कुणालाही कबूल करणार नाही.

मग त्याला एक वाईट सवय लागली. बघण्याची. दुकानात येणाऱ्या चित्रांकडे तो काच बसवण्याआधी मिनिटभर पाहू लागला. ग्रंथालयातून एक कथासंग्रह आणला, आणि तो वडिलांच्या हिशेबाने पाच बाय आठचा असूनही दोनदा वाचला. पुस्तकातलं एखादं वाक्य आवडलं, तर 'ठीक आहे' असं मोठ्याने म्हणायचा, म्हणजे लेखकाला फार शिंगं फुटू नयेत.

तिसऱ्या आठवड्यात, तास संपत आला असताना, त्याला बाही दिसली. चित्राच्या अगदी उजव्या कडेला, तपकिरी अंधारात, तपकिरीच रंगाची बाही. बोटभर रुंद, आणि त्यापुढे चित्र संपत होतं. म्हणजे खोलीत कुणीतरी होतं! दुसरा वाडगा त्याचा होता. इतके दिवस तो ज्याला भांड्यांचं चित्र समजत होता, ते दोन माणसांचं चित्र होतं, आणि हे सगळं कडेच्या बोटभर जागेत ठेवलेलं होतं.

त्याला आधी आनंद झाला. मग सिस्टरच्या चित्रातली ती तिरपी रेघ आठवली.

तो तडक दुकानात गेला. वडील कागदाचा कपटाही टाकत नसत. कापलेल्या पट्ट्या फ्रेमच्या मागे भरायला कामी येतात, म्हणून एका खोक्यात साठवत. स्कॉलरने खोकं जमिनीवर उलटं केलं. करडी पट्टी तळाशी सापडली. ती हात चुकून ओढलेली रेघ नव्हती. दाराची कड होती. खाली उंबरा होता, वर छोटी कडी होती, आणि दार अर्धवट उघडं होतं.

"काय शोधतोयस?" वडिलांनी विचारलं. त्यांनी पट्टी पाहिली, पोराकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुझं तू निस्तर," एवढंच म्हणून ते पुन्हा काच पुसू लागले.

इथे शहाण्या माणसाने सरळ जाऊन माफी मागितली असती. स्कॉलरने आधी एक पान लिहिलं. आता आपल्याला दिसतं, हे त्याला कळलं होतं, आणि कळल्याबरोबर त्याला सगळ्यात जास्त तो स्वतःच दिसायला लागला होता. 'त्या दोन इंचांत एका विश्वाचा विरह दडला होता, आणि माझ्या अजाण हातांनी त्यावर घाव घातला,' असं एक वाक्य त्यात होतं. ते त्याला इतकं आवडलं, की त्याने त्याखाली रेघ मारली.

पान आणि पट्टी घेऊन त्याने सिस्टरचा जिना चढून बेल वाजवली. सिस्टरनी दार उघडलं. चित्र आतल्या खोलीत खिडकीसमोर लावलेलं होतं. स्कॉलरने पट्टी त्यांच्या हातात दिली.

"सिस्टर, हे... तुमच्या लक्षात आलं नसेल, पण—"

"त्याच दिवशी आलं," त्या म्हणाल्या.

त्यांनी पट्टी चित्राच्या उजव्या कडेला धरून पाहिली.

"ती आमच्या आईची खुर्ची. आम्ही दोघी बाहेर असलो की आई तिथे बसायची आणि दार कधी पूर्ण लावायची नाही. आई गेल्यावर आठवड्याने ताईने हे काढलं. दारासाठीच काढलं होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"कुणाशी बोलणार? तू मोबाइलमध्ये होतास. ज्याला दार दिसलं नाही, त्याला दार कापलं म्हणून काय ओरडायचं? मी छान म्हटलं आणि आले."

स्कॉलरच्या कानांतून वाफा निघाल्या. तीन आठवडे तो या बाईला हसत होता, आणि तीन आठवडे या बाईने त्याला बोलण्याच्याही लायकीचा धरला नव्हता.

"मी त्यावर लिहिलंय," तो कसाबसा म्हणाला आणि पान पुढे केलं.

सिस्टरनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं, शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

स्कॉलरने हात पुढे केला. "द्या ते परत."

जिन्यात बसून त्याने पेन काढलं. विश्वाचा विरह खोडला. अजाण हात खोडले. पहिला परिच्छेद खोडला, मग दुसरा, आणि खोडताना त्याला त्या ओळींची इतकी लाज वाटली, की कागद दोन ठिकाणी फाटला. खाली उरलेल्या कोऱ्या जागेत त्याने लिहिलं, 'फ्रेम करायचा कंटाळा आला म्हणून मी दार कापलं.'

ते त्याने एकदा वाचलं. मग वर जाऊन पुन्हा बेल वाजवली.