दाराजवळची जागा

"आश्रुबा, तिथं काहून बसलास? ती माजी जागा हाय," लिंबाजी म्हणाला, आणि सतरंजीवरचे दोघे-तिघे हसले.

जिंतूरच्या मिशनच्या प्रार्थनाघरात दाराजवळची फरशी उघडी ठेवत. मंडळीनं ज्याला प्रभुभोजनापासून, म्हणजे उपासनेत वाटल्या जाणाऱ्या भाकरीपासून, दूर ठेवलं, त्यानं तिथं बसायचं. चूक सगळ्यांपुढं कबूल केली की मग सतरंजीवर यायचं. शिंदी प्याल्याबद्दल लिंबाजी तिथं दोन महिने बसला होता. आश्रुबाला मात्र कुणी बसवलं नव्हतं. कुणी बसवण्याआधी तो आपणहून बसला होता. कारण तानुबाईला सगळं ठाऊक होतं.

महिन्यापूर्वी, १९३९च्या उन्हाळ्यात, बोरीत पटकीची साथ आली. मिशनच्या दवाखान्यातला आश्रुबा लाल दवा घेऊन विहिरीवर गेला. बादलीत खडे विरघळवायचे, ते पाणी विहिरीत सोडायचं. अर्ध्या तासानंतरही गुलाबी रंग टिकला तर मात्रा बरोबर. हे काम तो आठ वर्षं बिनचूक करत होता. त्या दिवशी मात्र गर्दी जमली. एकानं काठी आडवी धरली.

"इहिरीत काय कालवायलास? तू किरिस्ताव हाईस ना?"

"न्हाई बा. म्या तहसिलीचा माणूस हाय."

"मग लाव की मरीआईचं कुंकू."

त्यानं लावलं. काठी बाजूला झाली. तेवढ्यात गर्दीच्या कडेला घागर घेऊन उभी असलेली तानुबाई त्याला दिसली. ती मिशनच्या वसतिगृहात भाकरी थापणारी विधवा. भावाकडं बोरीला आली होती.

दवा पडली. आठ दिवसांत साथ ओसरली. खोटं बोललो म्हणूनच गाव वाचलं, असं आश्रुबानं स्वतःला परोपरीनं पटवलं. सगळं जुळत होतं, एवढंच जुळत नव्हतं की 'न्हाई' म्हणताना त्याच्या डोळ्यांपुढं विहीर नव्हती. काठी होती.

तेव्हापासून तो माणसं तपासू लागला. तानुबाई त्याला पाहून वाट बदलत होती. म्हणजे तिनं सांगितलं असणार. पाळक काशीनाथराव हल्ली जास्तच गोड बोलत. म्हणजे त्यांनी ऐकलं असणार. आज उपदेशही नेमका पेत्रावर, कोंबडा आरवायच्या आत भिऊन तीनदा प्रभूला नाकारणाऱ्या शिष्यावर. कोंबडा आरवल्याचं वाक्य त्यांनी दाराकडं बघूनच म्हटलं. निदान त्याला तसं वाटलं.

भाकरीच्या ताटावरचं फडकं काढून काशीनाथराव म्हणाले, "आश्रुबा, आत या ना. तुम्ही तिथं कशाला?"

आवाजात साधं आश्चर्य होतं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. अजूनही उठून सतरंजीवर जाता आलं असतं. आश्रुबा अर्धा उठलाही. मग परत खाली टेकला.

"बोरीत म्या परभूला न्हाई म्हणलो," तो म्हणाला, आणि कुंकवापर्यंत सगळं सांगून मोकळा झाला. "इहिरीसाठी न्हाई. भ्यालो म्हणून."

 मग बायकांच्या बाजूनं तानुबाई उठली. आता ही साक्ष देणार, म्हणून आश्रुबानं मान खाली घातली. ती आली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर उघड्या फरशीवर बसली.

"म्या बी तिथं व्हते," ती म्हणाली. "मला कुणी इचारलंच न्हाई, म्हणून खोटं बोलायची पाळी आली न्हाई. पर ह्यो एकटा पडला तवा म्या रिकामी घागर घेऊन निघून गेले. ह्यानं मला बघितलं व्हतं. म्हईना झाला, वाटायलंय, ह्यो आज सांगतो, उद्या सांगतो."

भाकर घ्यायला माणसानं मेजाकडं यायचं, अशी रीत होती. काशीनाथराव ताट घेऊन दाराकडं आले.

"पेत्राला प्रभू पुन्हा भेटला, तेव्हा 'माझ्यावर प्रीती करतोस काय' हे मागून विचारलं," ते म्हणाले. "आधी भाकर दिली."

आश्रुबाला या माफीचाही संशय आला. लाल दवेचे तपकिरी डाग त्याच्या बोटांवर कायम असत. लिंबानं घासले तरी दोन-दोन दिवस हटत नसत.

"एवढ्यावर झालं?" त्यानं विचारलं.

"झालं कुठं? बोरी तिथंच आहे."

"उद्याच जायचंय. दुसऱ्यांदा दवा टाकायचीय." तो बोटांवरच्या डागांकडं बघत म्हणाला, "इचारलं तर सांगीन."

"अन् न्हाई इचारलं तर?" तानुबाईनं विचारलं.

"तरी सांगीन."

"मग म्या घागर घेऊन थांबते."

त्यानं हात पुढं केला. डागाळलेल्या तळव्यावर भाकरीचा तुकडा पडला. त्यानं तो लगेच खाल्ला नाही, नीट बघून घेतला.

लिंबाजी उठला. कुणालाही न विचारता त्यानं सतरंजीचं टोक धरलं आणि दाराकडं ओढू लागला. बसलेली माणसं चुळबुळत सरकली. सतरंजी त्या दोघांच्या पायांजवळ आली, पण वीतभर कमी पडली. लिंबाजीनं आणखी एक हिसका दिला, मग टोक तिथंच सोडून शेजारी बसला.